वासेटोलीचा संडास इंजिनिअर

सिंदेवाहीच्या बसस्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, खताच्या दुकानाच्या माडीवर हेमराज जनबंधू यांचं कार्यालय आहे. पाटीवर 'वास्तुविशारद' असं लिहिलेलं असलं तरी तालुक्यात त्यांना सगळे इंजिनिअरच म्हणतात. वासेटोली या त्यांच्या स्वतःच्या गावात त्यापुढे आणखी एक शब्द लागला आहे. तिथे ते 'संडास इंजिनिअर' आहेत. हे नाव कोणी ठेवलं यावर गावात वाद आहे. गवंडी पत्रू मडावी म्हणतो मी ठेवलं, सरपंच मीराबाई म्हणतात मी. हेमराज यांची कोणाबद्दलच तक्रार नाही.

वासेटोली सिंदेवाहीहून मोटरसायकलनं अर्ध्या तासावर आहे. धानाची बांधी, एक बोडी म्हणजे लहान तळं, आणि बोडीच्या पलीकडे लगेच जंगल. हेमराज यांचे वडील सोमाजी वीटभट्टीवर विटा पाडत. मुलगा चंद्रपूरला वसतिगृहात राहून शिकला, नागपूरला वास्तुकलेची पदवी घेतली आणि पुण्याला नोकरीला लागला. तिथे चार वर्षं तो उंच इमारतींच्या प्रवेशदालनांची चित्रं काढत होता. त्यांतल्या एकाही इमारतीत त्याला कधी पाऊल ठेवावं लागलं नाही. सोमाजींना लकवा मारला तेव्हा हेमराज परत आले. दोन वर्षांनी वडील गेले, पण हेमराज सिंदेवाहीतच राहिले.

आई वच्छलाबाई मात्र सिंदेवाहीला आल्या नाहीत. मुलाच्या घरात त्यांना स्वतंत्र खोली होती. "तिथी अंगण नाई," त्या म्हणाल्या. "मी काय दिवसभर भिंतीकडे पाहून बसू?" तेव्हापासून दर शनिवारी हेमराज वासेटोलीला जातात आणि रविवारी परततात. पत्नी पुनम सिंदेवाहीच्या दवाखान्यात परिचारिका आहेत. सुटी असली की त्या आणि मुलगी मयुरीही सोबत असतात.

पोट भरतं ते दुकानांच्या गाळ्यांवर, डॉक्टरांच्या बंगल्यांवर आणि मंगल कार्यालयांवर. समाजाचं काम वेगळं. आजूबाजूच्या गावांतले दोन बुद्धविहार, एक अभ्यासिका, गळक्या अंगणवाड्यांची छपरं, यांचे नकाशे त्यांनी काढले आणि बांधकामावर उभंही राहिले. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत आणि कोणी विचारलेही नाहीत.

त्यांची काम करण्याची एक रीत आहे. कागदावरचा नकाशा लोकांना कळत नाही, असं ते म्हणत नाहीत. कागदावरचा नकाशा मलाही पुरता कळत नाही, असं म्हणतात. म्हणून कोणतंही घर बांधण्याआधी ते मोकळ्या जागेवर चुन्याच्या फक्कीनं ते घर पूर्ण मापाचं आखतात. मग घरच्या बायांना त्या रेघांमधून चालायला लावतात. पाण्याची गुंडी घेऊन या, पोराला झोपवा, पाहुणा आला असं समजा. बाया आधी हसतात. थोड्या वेळानं कोणीतरी म्हणतं, "हे दार इथी नाई पायजे." त्यानंतर हेमराज कागद काढतात.

संडासाचं प्रकरण नीलाबाईंपासून सुरू झालं. नीलाबाई वच्छलाबाईंच्या शेजारी राहतात. दिवाळी होऊन गेली होती, धानाची कापणी चालू होती. उजाडायच्या आत त्या संडासाला गेल्या. संडास घरामागच्या वाडीच्या टोकाला, बेशरमाच्या झुडपांना लागून. झुडपात बिबट बसला होता. त्यानं खांदा धरला. नीलाबाईंनी हातातली बादली त्याच्या तोंडावर मारली, त्यानं सोडलं. त्या ओरडल्या, पण घरात कोणाला ऐकू गेलं नाही. रक्तानं भिजलेल्या अंगानं चालत येऊन त्यांनी स्वतःच मागच्या दाराची कडी वाजवली. दवाखान्यात त्यांची जखम धुतली ती पुनम यांनी. नीलाबाई वाचल्या. त्यांचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही.

वनविभागानं कॅमेरे लावले, झुडपं तोडली, मदत दिली. झुडपांनी दोन महिन्यांत पुन्हा डोकं वर काढलं.

हेमराज यांनी एका शनिवारी गावातल्या घरांमागच्या सगळ्या वाड्या पाहिल्या. प्रत्येक घराचा संडास वाडीच्या शेवटच्या टोकाला होता, जंगलाच्या बाजूनं. त्यामागं कोणाचा हलगर्जीपणा नव्हता. योजनेत संडास आले तेव्हा ज्यानं त्यानं तो तिथेच बांधला, जिथे आधी तो टमरेल घेऊन जात असे. हागणदारी गेली, तिची वाट तशीच राहिली.

त्याच हिवाळ्यात गावाला नवी घरकुलं मंजूर झाली. एक मेच्या ग्रामसभेनंतर पाये खोदायचे आणि पावसाच्या आत भिंती वर घ्यायच्या, असं ठरलं होतं. हेमराज सरपंच मीराबाईंकडे गेले. त्यांचं म्हणणं सोपं होतं. शोषखड्डा लांब ठेवा, तो पाइपानं जोडता येतो. पण बसण्याची जागा घराच्या मागच्या भिंतीला लागून घ्या आणि दार मागच्या पडवीत उघडा. बाईला उजाडायच्या आत अंगणातही उतरावं लागणार नाही. आत्ता हे झालं नाही तर एकदा सिमेंट पडल्यावर पुढची तीस-चाळीस वर्षं संडास त्याच टोकाला राहणार.

"गावानं हव म्हटलं तं साऱ्या घरकुलाची आखणी तूच करून दे," मीराबाई म्हणाल्या. "पन गावानं म्हटलं पायजे. मी एकटीनं सांगतलं तं माहीच खुर्ची संडासात जाईन."

गावानं म्हटलं नाही. वासेटोलीच्या घरांत स्वयंपाकाची जागा मागच्या बाजूला असते. मागच्या भिंतीला संडास म्हणजे चुलीच्या भिंतीला संडास. पारावर बसलेले श्रावणभाऊ म्हातारे शेतकरी, गावात त्यांच्या शब्दाला वजन आहे. ते म्हणाले, "आधी आपल्या मायले विचार, इंजिनिअर. ते हव म्हनन तं आमीई हव."

ते विचारून झालं होतं.

"त्या भिंतीले माही चूल आहे," वच्छलाबाई म्हणाल्या होत्या.

"माय, खड्डा लांब राहील. सारं पाइपानं बाहेर जाईन."

"जाईन कुठूनई. भिंत तं एकच ना? इकडून मी भात रांधू आन तिकडून..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

"नागपुरात, पुण्यात तसंच असते."

"म्हनूनच तं मी तिथी येत नाई."

घरात गॅस आहे. तो पाहुण्यांच्या चहापुरता. भात, वरण, भाकर चुलीवर. ती चूल वच्छलाबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्याच कोपऱ्यात आहे. घराच्या मातीच्या भिंती जाऊन विटांच्या झाल्या, तेव्हाही कोपरा बदलला नाही.

हेमराज यांनी मधला मार्ग काढला. संडास जिथे आहे तिथेच राहू दे. मागच्या दारापासून संडासापर्यंत एक बंदिस्त वाट बांधू. दोन्ही बाजूंनी छातीइतकी विटांची भिंत, वर लोखंडी जाळी, माथ्यावर टिन. संडासाजवळ एक लहान दार, साफसफाईसाठी आणि विहिरीकडून पाणी आणायला. वच्छलाबाईंनी यावर हरकत घेतली नाही. फेब्रुवारीत पत्रूनं वच्छलाबाईंच्या घरी ती वाट बांधली. गावानं तिचं नाव बोगदा ठेवलं. चार बाया येऊन पाहून गेल्या. एकीनं आतून चालून पाहिलं आणि म्हणाली, "आमच्याही घरी असा पायजे." हेमराज खूश झाले. ग्रामसभेत दाखवायला आता एक नमुना होता.

मार्चमध्ये एका शनिवारी ते आले तर बोगद्यात कोंबड्या होत्या. जागा कोरडी, वर छप्पर, मुंगसाची भीती नाही. वच्छलाबाईंनी खुराडं तिथे नेलं होतं, आणि एका भिंतीला सरपण लावलं होतं. हेमराज यांनी पाहिलं. आई त्या वाटेनं रोज जात होती. एवढ्यावर ते समाधानी होते. ते कोंबड्यांबद्दल काही बोलले नाहीत.

एप्रिलच्या मध्यात पहाटे वच्छलाबाईंनी मागचं दार उघडलं. रोज दाराच्या आवाजानं कोंबड्या कलकलाट करत. त्या दिवशी आवाज नव्हता. त्यांनी दार बोटभर उघडं ठेवून पाहिलं. बोगद्याच्या टोकाला बिबट बसला होता, पुढच्या पायाखाली कोंबडी. वच्छलाबाईंनी दार लावलं, कडी घातली, धानाचं पोतं ओढून दाराला टेकवलं आणि पुढच्या अंगणातून नीलाबाईंना हाक मारली. लोक काठ्या घेऊन जमले तोवर बिबट लहान दारातून निघून गेला होता. आदल्या संध्याकाळी दोन्ही हातांत बादल्या असल्यामुळे त्या दाराची कडी लागली नव्हती. जाळीमुळे कोंबड्यांचा वास बाहेर जात होता, भिंतीमुळे आतलं काही दिसत नव्हतं. बिबट्याला याहून सोयीची जागा मिळाली नसती.

ग्रामसभेला दोन आठवडे उरले होते. दुपारपर्यंत गावभर एकच वाक्य फिरत होतं, आणि ते पत्रूचंच होतं: "इंजिनिअरनं बिबट्याले घरकुल देल्लं, लिस्टीत नाव नसून."

निरोप मिळताच आलेले हेमराज त्या दिवशी मोजमाप करत बसले नाहीत. त्यांनी लहान दार पाहिलं, पिसं पाहिली आणि पत्रूला सब्बल, म्हणजे पहार, घेऊन बोलावलं.

"पाडतोस काऊन गा?" पत्रू म्हणाला. "दाराले स्प्रिंग लावू, आपोआप बंद होईन. अजून सिमेंटचा वास नाई गेला."

"म्हनून तं आजच पाडू. मुरल्यावर जड जाते."

"तुलेच हसन गाव."

"हसून राह्यलाच आहे. टिन धर."

संध्याकाळपर्यंत बोगदा जमिनीला मिळाला. विटा सुट्या करून एका बाजूला रचल्या.

सिंदेवाहीला परतल्यावर पुनम यांनी जेवण वाढलं आणि मग विचारलं, "तुम्हाला कोंबड्या दिसल्या नव्हत्या?"

"दिसल्या होत्या."

"मग?"

"ती वापरत होती ना. म्हटलं, राहू दे."

"तुम्ही बिबट्याले नाई घाबरत, मायले घाबरता," पुनम म्हणाल्या. "तिनं नाई म्हटलं का तुम्ही मधला रस्ता काढता. त्या मधल्या रस्त्यातच तं जाऊन बसला तो."

 दुसऱ्या दिवशी हेमराज यांनी कार्यालयातल्या मुलीला पंधरा दिवसांच्या भेटी पुढे ढकलायला सांगितल्या आणि ते वासेटोलीला राहायला गेले.

रोज पहाटे वच्छलाबाई वाडीच्या टोकाला जात, आणि हेमराज काठी व बॅटरी घेऊन थोड्या अंतरावर पाठ करून उभे राहत. तिसऱ्या दिवशी वच्छलाबाई वैतागल्या.

"एवढा मोठा इंजिनिअर संडासाच्या बाहेर काठी घेऊन उभा. गाव काय म्हनन?"

"गाव काय म्हनते ते मी ऐकूनच राह्यलो, माय."

"तं पुन्हा बांध काहीतरी."

"बांधीन तं भिंतीले लागून. दुसरं काही बांधणार नाई."

"माह्या चुलीच्या भिंतीले?"

"हव."

त्यानंतर दोन दिवस मायलेकरांत कामापुरतंच बोलणं झालं. जेवण वेळेवर मिळत होतं. शेजारच्या नीलाबाई म्हणाल्या, "तुमच्या घरी भांडन आहे का मौन आहे, कळतच नाई गा."

हेमराज यांनी या काळात कोणाचं मन वळवायचा प्रयत्न केला नाही. ते संध्याकाळी एकेका घराच्या अंगणात बाजेवर बसत आणि बाया कुठून कुठे जातात ते पाहत. कोणी विचारलं तर बोगदा चुकला होता असं सरळ सांगत. श्रावणभाऊंनी त्यांना पारावर गाठलं.

"चुकला म्हनतोस, आन पुन्हा तुहंच ऐकाचं?"

"मायचंई ठेवू, माहंई ठेवू म्हटलं, तिथी चुकलो. घराले लागून नसलं तं त्याचा फायदाच नाई."

"आन चूल?"

"तेच तं अडून आहे, भाऊ."

एप्रिलच्या शेवटी त्यांनी ग्रामपंचायतीसमोरच्या मोकळ्या जागेत फक्कीनं पूर्ण मापाचं घरकुल आखलं. पुढची खोली, मागची खोली, पडवी, पडवीत न्हाणी आणि तिच्या बाजूला संडास. मागच्या खोलीत भिंतीला लागून चुलीचा चौकोनही काढला, जिथे गावातल्या घरांत असतो तिथेच. लपवाछपवी नको म्हणून. संध्याकाळी पाण्याला निघालेल्या बाया थांबल्या. काही चालून पाहू लागल्या. वच्छलाबाई आल्या, सगळं फिरल्या, आणि सवयीनं चुलीच्या चौकोनापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

नीलाबाईंनी डाव्या हातात बादली घेतली. दाराच्या रेघेतून त्या पडवीत आल्या, तिथून संडासाच्या चौकोनात गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. मग नेहमीच्या आवाजात, जरा हळूच, म्हणाल्या, "वच्छला."

"काय वो?" वच्छलाबाईंनी विचारलं.

नीलाबाई वळल्या. "ऐकू आलं ना?"

"आलं."

"त्या दिवशी मी किती बोंबलली, मालूम आहे?"

 नीलाबाई तीच बादली घेऊन पाण्याला गेल्या. वच्छलाबाई थोडा वेळ रेघांकडे पाहत राहिल्या, मग घरी निघाल्या. 

सकाळी हेमराज बोडीवरून अंघोळ करून आले तर मागच्या खोलीत चूल नव्हती. जुन्या चुलीची माती फोडून अंगणात टाकलेली होती आणि कोपऱ्यातली काळी भिंत शेणानं सारवलेली होती. वच्छलाबाई समोरच्या कोपऱ्यात, पुढच्या खोलीच्या बाजूला, बसल्या होत्या. शेजारी घमेल्यात वारुळाची माती, धानाचा कोंडा घालून मळलेली. नव्या चुलीची एक बाजू घडवून झाली होती.

"माय?"

"संडास तुहा, तू हलवाले तयार नाईस," त्या मागे न पाहता म्हणाल्या. "चूल माही आहे. मी हलवली. पानी दे तेवढं."

हेमराज यांनी पाणी दिलं.

एक मेची ग्रामसभा संध्याकाळी भरली, कारण तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा, हंगाम तोंडावर होता आणि माणसं दिवसभर पुडके बांधायच्या दोऱ्या वळण्याच्या गडबडीत होती. मीराबाईंनी विषय मांडला. हेमराज यांनी फार बोलणं केलं नाही. बोगदा का चुकला ते सांगितलं आणि नव्या आखणीत काय आहे ते सांगितलं. श्रावणभाऊ उठले.

"मी एकच म्हटलं होतं. याच्या मायनं हव म्हटलं का?"

हेमराज काही बोलायच्या आत बायांच्या बाजूनं वच्छलाबाईंचा आवाज आला. "मी हव म्हटलं नाई."

सभेत खसखस पिकली. पत्रू तर उघड हसला.

"मी चूल हलवली," वच्छलाबाई म्हणाल्या. "त्या भिंतीले आता काही नाई. नवीन घर बांधनाऱ्याले तं हलवाचीई गरज नाई. पहिल्यापासूनच दुसरीकडे घालाची. येवढ्यासाठी पोरीबायी जंगलात बसवाच्या का, श्रावणभाऊ?"

श्रावणभाऊंनी विचारलं, "चूल कोन्या दिशेले घातली?"

"जिथी तुमी बसून चहा पेता, तिथून दिसन तशी घातली."

"मंग ठीक आहे," श्रावणभाऊ म्हणाले आणि खाली बसले.

हात वर करून ठराव झाला. नीलाबाईंनी डावा हात वर केला. दोन घरांनी शेवटपर्यंत नकार दिला. त्यांतलं एक पत्रूचं. "साऱ्या गावाचे मीच बांधतो," त्यानं सभेनंतर हेमराज यांना सांगितलं, "पन माही बायको म्हनते, तू बांधलेल्याच्या बाजूले मी रांधणार नाई."

"तिले एक दिवस माह्या घरी पाठव."

"तुह्या मायपाशी? नोको बाप्पा. चूलच हलवून येईन."

मे महिनाभर हेमराज पहाटे तेंदूपत्त्याला माणसं जायच्या आधी वासेटोलीत पोचत आणि एकेका घरकुलाची आखणी फक्कीनं करून देत. प्रत्येक ठिकाणी घरच्या बाईला संडासाच्या चौकोनात उभं करून चुलीपाशी उभ्या असलेल्या माणसाला हाक मारायला लावत. ऐकू आलं की पाया खोदायला परवानगी. पावसाच्या आत भिंती वर येऊ लागल्या. वच्छलाबाईंचा संडास सगळ्यांत आधी झाला, बोगद्याच्या सोडवलेल्या विटांत. कोंबड्यांचं खुराडं पुढच्या अंगणात आलं आणि संध्याकाळी घरात.

जूनमधल्या एका शनिवारी हेमराज पोचले तेव्हा पुढची खोली धुरानं भरली होती. वच्छलाबाई डोळे पुसत दारात बसल्या होत्या. जुन्या कोपऱ्यात चुलीच्या वर एक झरोका होता. नव्या कोपऱ्यात नव्हता. आखणी करताना हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"संडासाले खिडकी देल्ली तू," त्या म्हणाल्या. "चुलीले कोन देईन?"

हेमराज यांनी गाडीच्या डिक्कीतून टेप काढला आणि भिंत मोजायला घेतली. मग त्यांनी पत्रूला फोन लावला, आणि उद्या सकाळी छन्नी घेऊन ये असं सांगितलं. बाकीच्या घरकुलांच्या भिंती अजून खिडकीवरच्या सज्ज्याच्या उंचीपर्यंत आल्या नव्हत्या. तिथे चुलीवरच्या झरोक्यासाठी त्याच आठवड्यात जागा सोडण्यात आली.